आधी प्लग, मग पाणी

लोक मला विचारतात, "वहिनी, तुमच्याकडे इतके किस्से येतात कुठून?" अहो, येतात कुठून काय! चार चाकांवर बसून, गॉगल लावून, खालून पाणी गाळत येतात. मी नको म्हटलं तरी येतात. गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी रबरं साठतात, तसेच हे साठलेत. रबरं निदान भंगारवाला उचलून नेतो. हे कोण नेणार? कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर एक दिवस माझंच डोकं फुटेल.

मी मूळची चिंचवडची. डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत लागले. तिथं माझं काम शॉवर टेस्टचं. तयार झालेली गाडी एका बंद खोलीत घालायची, चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडायचे आणि आपण बॅटरी घेऊन आत बसायचं. थेंब कुठून येतो ते शोधायचं. एक थेंब दिसला की गाडी परत. मग लग्न झालं. नवरा दत्ता, बीडकडचा, इंजिनातला माणूस. दोघांनी मिळून कुरुळीत गॅरेज टाकलं, फक्त फोर बाय फोर गाड्यांचं. नदी-नाल्यात घालायच्या गाड्या. इंजिन त्याच्याकडे, पाणी माझ्याकडे. म्हणजे गाडी पाण्यातून जावी, पण पाणी गाडीतून जाऊ नये, हे बघायचं काम माझं.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून ठेवते. दत्ता शांत आहे. गाडी बुडाली तरी तो "होऊ द्या की" म्हणतो. सासूबाई म्हणतात, "अगं, किती चिडायलीस? बीपी वाढंल." वाढू दे. ज्यांच्यामुळे वाढतं, त्यांच्याबद्दल ऐका आणि मग मला सांगा.

*

आमच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: आधी प्लग, मग पाणी. ते का लिहिलं, ते पहिल्यांदा सांगते.

गाडीच्या तळाला भोकं असतात. कंपनीतच ठेवलेली असतात. आतला चिखल धुतला की पाणी खाली निघून जावं म्हणून. एरवी त्या भोकांना रबरी प्लग बसवलेले असतात. वाटीच्या बुडाएवढे, काळे, दिसायला अगदी फालतू. ते बसलेले असले तर गाडी नदीतून कोरडी जाते. नसले तर नदी गाडीत येते. एवढं साधं आहे! याला इंजिनिअरिंग लागत नाही.

आमच्या एक डॉक्टर आहेत, मेधाताई. राहतात चऱ्होलीला. जनावरांच्या डॉक्टर. चाकणच्या पलीकडे ओढ्यापार ज्या वाड्या आहेत, तिथल्या म्हशी-गाई त्यांच्याच भरवशावर. मध्ये एक ठेंगणा फरशी पूल आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. दुसरा कुठलाही डॉक्टर तेव्हा तिकडे फिरकत नाही. मेधाताई त्यांची जुनी फोर बाय फोर घेऊन जातात. काठावर वाडीची माणसं दोर घेऊन उभी असतात, पुलाच्या कडेचे दगड किती बुडालेत ते बघून खूण करतात, बाई जातात.

गेल्या वर्षी त्यांनी शहरात एके ठिकाणी गाडी धुवायला दिली. त्या शहाण्यांनी प्लग काढले, तळ चकचकीत केला, वर कार्पेट अंथरलं आणि गाडी परत दिली. प्लग? ते विसरले! वर कार्पेट असल्यावर कुणाला कळणार? पुलाच्या मध्यावर पाणी आत आलं. सीटखाली गाडीचा कंट्रोल बॉक्स असतो, तो भिजला आणि गाडी तिथंच मेली. ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत बाई टपावर बसून होत्या. आणि पलीकडे गोदाबाईंची म्हैस अडलेली होती. ती गेली. पोटातल्या पारडासकट.

गोदाबाई एकटी बाई. त्या म्हशीच्या दुधावर घर चालायचं.

मेधाताई गाडी टोचन करून माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आणखी एकदा गाडी बंद पडली तर मी त्या वाड्या सोडणार. मला पुन्हा टपावर बसून ते बघायचं नाहीये."

आता कळलं मी का चिडते? लोकांना वाटतं, प्लग म्हणजे रबराचा तुकडा. माझ्या लेखी ती गोदाबाईंची म्हैस आहे.

*

रविवारी आमच्याकडे चिंचवडचा एक ग्रुप येतो. सोसायट्यांमधली मंडळी. कुणी आयटीत, कुणी कंपनीत मॅनेजर. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी झोप आणि रविवारी एकदम जंगलातले राजे. त्यातला एक नीलेश. त्याची गाडी मी स्वतः सील केली होती. दरवाजांची रबरं बदलली, तळ बघितला, शॉवर दिला. आत थेंब नाही. गाडी दिली आणि निवांत झाले.

महिन्याभरानं साहेब तणतणत हजर. बायको बरोबर होती. तिच्या हातात ओल्या सँडल. नदीत गाडी घातली आणि डॅशबोर्डच्या खालून धार लागली, थेट तिच्या पायांवर. तुमचं काम कच्चं आहे वहिनी, असं चारचौघांत ऐकवलं मला.

कच्चं! बॅटरी घेतली, बॉनेट उघडलं. इंजिन आणि केबिनच्या मध्ये जो पत्रा असतो, त्यात हे एवढं भोक! माझा अंगठा आरपार गेला. त्यातून एक जाडजूड लाल वायर आत गेलेली. वायरच्या मागं मागं गेले, तर ती मागच्या सीटखाली जाऊन थांबली. तिथं वूफर.

मी विचारलं, हे कुणी केलं? तर म्हणे ॲक्सेसरीजवाल्यानं. त्याला सांगितलं होतं का, भोकात रबर बसव म्हणून? तर म्हणे, रबर लावलं की बास कमी होतो, असं तो म्हणाला.

बास कमी होतो! ज्या पत्र्याला आम्ही कंपनीत टाचणी लागू देत नव्हतो, त्याला या माणसानं ड्रिल मारला, कशासाठी तर नदीत गाणी मोठ्यानं वाजावीत म्हणून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भोक तुमचं, पाणी नदीचं, आणि काम कच्चं माझं?"

त्याची बायको इतकी हसली की तिनं माझ्यासाठी घरून पुरणपोळ्या पाठवल्या. वूफर अजून आहे. भोक मी बुजवलं. बास कमी झाला की नाही ते तिलाच विचारा.

*

हा पुढचा माणूस माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. गाडीतून उतरला तो थेट दत्ताकडे गेला. "भाऊ, दरवाजातून पाणी येतं, काय करता येईल?" दत्तानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत दत्ताकडे वळला आणि म्हणाला, "नाही, मॅडम बिल करतात ना? मला टेक्निकल बोलायचंय."

दत्तानं परत इंजिनात डोकं घातलं. त्याला माहीत होतं आता काय होणार.

मी म्हटलं, हो, मी बिलच करते, पण आधी गाडी एकदा पुढे-मागे करून दाखवा. त्यानं गाडी पुढे घेतली, ब्रेक मारला. डुबुक! मागे घेतली, ब्रेक मारला. डुबुक! आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. सासूबाई दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीत हंडा ठिवलाय का काय?"

हंडा नव्हता. चारही दरवाजे भरलेले होते!

झालं होतं असं. साहेबांनी व्हिडिओ बघून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि जिथं फट दिसेल तिथं भरलं. दरवाजाच्या बुडाशी छोट्या चिरा असतात, तिथंसुद्धा. आता काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी थोडंफार दरवाजाच्या पोटात जातंच. ते जायलाच हवं, आणि बुडाच्या चिरांमधून बाहेर पडायला हवं. यांनी खालचा रस्ता बंद केला. महिनाभर पाऊस दरवाजात साठत होता आणि भरून वाहिला की आत येत होता. हा माणूस चार पाण्याच्या टाक्या घेऊन रोज ऑफिसला जात होता.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एका दरवाजाखालचं सिलिकॉन खरवडलं. भसाभस पाणी आलं, शेवाळाच्या वासाचं, सगळं त्याच्या बुटांवर. तो उडी मारून मागे सरला.

मी म्हटलं, पाणी नुसतं अडवायचं नसतं हो, कुठून येऊ द्यायचं आणि कुठून जाऊ द्यायचं हे आधी ठरवायचं असतं. हे टेक्निकल झालं. आता बिल करू का?

तेव्हापासून तो मला फोनवर "मॅम" म्हणतो. मला त्याचाही रागच येतो.

*

आता हा किस्सा मला सांगायचा नव्हता, पण दत्ता सगळ्यांना सांगत सुटतो, त्यापेक्षा मीच नीट सांगते.

दरवाजाचं रबर सगळीकडे टेकतंय की नाही, हे बघायची एक सोपी पद्धत आहे. रबरावर टाल्कम पावडर लावायची, दरवाजा बंद करायचा, उघडायचा. समोरच्या पत्र्यावर पावडरची रेघ उमटते. जिथं रेघ तुटली, तिथं रबर टेकत नाही, तिथून पाणी येणार. कंपनीत खडू वापरायचो. गॅरेजात मी सासूबाईंची पावडर वापरते. गुलाबाच्या वासाची.

एक जोशीकाका आहेत, रिटायर्ड, अतिशय सज्जन. त्यांची गाडी मी अशीच तपासली. रबर थोडं बदललं, गाडी दिली. पावडर पुसायची राहिली असेल एखाद्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले आणि फोन. बाईंचा आवाज, थंडगार. "हा नंबर ह्यांच्या मोबाइलमध्ये सारखा दिसतोय. कोण बोलतंय?"

मी म्हटलं, वहिनी.

"कुणाची वहिनी?"

अहो, सगळ्यांचीच! कुरुळीत कुणालाही विचारा! पण हे फोनवर काय सांगणार? तिकडून त्या म्हणाल्या की ह्यांच्या पँटीला पावडरचा वास आहे, शर्टाला वास आहे आणि विचारलं तर म्हणतात, दरवाजाची होती. दरवाजाला कोण पावडर लावतं?

मी लावते! घास ताटात ठेवून मी त्या बाईंना रबर, रेघ आणि गळती सगळं समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन त्या गॅरेजला आल्या, मी त्यांच्यासमोर पावडर लावून दाखवली, तेव्हा कुठं पटलं. पटल्यावर म्हणतात कशा, "मग बिनवासाची का नाही वापरत?"

एवढ्या वर्षांत हे एकालाही सुचलं नव्हतं. मला राग आला तो त्याचाच.

*

आता कॅप्टन.

रविवारच्या ग्रुपचा हा म्होरक्या. नाव अभिजित, पण स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतो. सैन्यात नव्हता, जहाजावर नव्हता, एका ऑफिसात खरेदी खात्यात आहे. मेधाताईंकडे जी गाडी आहे तीच याच्याकडे, फक्त नवी. टपावर कुदळ, फावडं, पाण्याचे डबे, पुढे अडकलेली गाडी ओढायचा विंच. आणि गंमत सांगू? या माणसानं खोल पाण्यात गाडी कधी घातलेलीच नाही. पोटरीएवढ्या डबक्यातून जोरात न्यायची, दोन्ही बाजूंना पाणी उडवायचं, रील काढायचं, घरी जायचं.

गेल्या वर्षी मेधाताईंची गाडी ट्रॅक्टरनं ओढत आणली ना, त्याचा व्हिडिओ वाडीतल्या कुणीतरी काढला होता. तो यानं आपल्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे लावून. "लेडी ड्रायव्हर." मला दत्तानं दाखवला. मी दोन दिवस जेवले नाही. कॅप्टन आला तेव्हा मी त्याला गोदाबाईंच्या म्हशीचं सांगितलं. तो ओशाळला, व्हिडिओ काढून टाकला. सॉरी म्हणाला. मला ते सॉरी आजही पुरत नाही.

बरं, एवढं ऐकूनही माणसानं काय करावं? या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी आतला चिखल धुवायला यानं प्लग काढले आणि तशीच गाडी डबक्यात घातली. पोटरीएवढ्या पाण्यात! खालून कारंजी उडाली, गाडीत मुलं, सगळी किंचाळायला लागली. ओल्या सॉक्सनिशी माझ्याकडे आला आणि पहिलं वाक्य काय, तर "वहिनी, टेन्शन नको, प्लग सेफ आहेत." त्यानं ते डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, झिप लावून ठेवले होते. प्लग कोरडे, बाकी सगळं ओलं!

त्या दिवशी मी नियम केला. या गॅरेजात ज्या गाडीचे प्लग निघतील, ते भोक न पाडता दोरीत गुंफून, माळ करून स्टिअरिंगला बांधायचे. गाडी चालवायला बसलं की हातात पहिल्यांदा प्लग आले पाहिजेत. माळ सोडल्याशिवाय गाडी हलणार नाही. मी मुद्दाम प्रत्येकाला दाखवलं. सगळे म्हणाले, वा वहिनी, मस्त आयडिया.

कॅप्टननं पुढच्याच महिन्यात प्लग काढले, माळ केली, स्टिअरिंगला बांधली. आणि वाटेत कुठंतरी माळ टोचते म्हणून सोडून टपावर ठेवली. गेली उडून. माझ्याकडे त्या मापाचा शेवटचा सेट होता, तो त्याला बसवून दिला. नवीन मागवले, पण सणासुदीमुळे पार्सल अडकलं होतं. हे लक्षात ठेवा.

मेधाताईंच्या गाडीचं मात्र मी या वर्षी सगळं स्वतः केलं. शॉवर दिला, आतून ब्लोअर लावून बाहेरून साबणाचं पाणी फासलं आणि फुगे कुठं येतात ते बघितलं. एकेक फट बुजवली. अख्खा पावसाळा बाई ओढ्यातून जात-येत होत्या आणि गाडी कोरडी. प्रत्येक वेळी परत आल्या की मला फोटो पाठवायच्या, फक्त पायाखालच्या मॅटचा. मॅट कोरडं. मी ते फोटो कधी पुसले नाहीत.

*

खंडेनवमीला आमच्याकडे गॅरेजची पूजा असते. सगळी हत्यारं धुवून-पुसून ताटात मांडायची, गाड्यांना हार घालायचे. मेधाताईंची गाडी आदल्या दिवसापासून माझ्याकडेच होती. त्यांच्या गमबुटांचा चिखल आत साठला होता, म्हणून मी प्लग काढून तळ धुतला, वाळायला ठेवला. प्लगची माळ केली, स्टिअरिंगला बांधली. नियमाप्रमाणे!

दसऱ्याला सकाळी मी काठापदराची साडी नेसून दाराला तोरण लावत होते, तेवढ्यात मेधाताई स्कूटरवर आल्या, धावतच. गोदाबाईंचा फोन आला होता. त्यांनी यंदा दुसरी म्हैस घेतली होती आणि ती अडली होती. मेधाताईंनी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून गोदाबाई म्हणत होत्या, "बाई, ही बी जाणार का वं?"

परतीचा पाऊस दोन दिवस कोसळत होता. फरशी पुलावर पाणी असणार हे उघड होतं. मेधाताई गाडीत बसल्या, किल्ली फिरवली. स्टिअरिंगला झेंडूचा हार होता, तो त्यांनी काढून ठेवला. मी म्हटलं, थांबा. हार? माळ कुठाय?

मी मॅट उचललं. प्लगच्या भोकातून खालची जमीन दिसली.

"माळ कुणी सोडली?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा वेल्डिंगवाला बाहेर आला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी सोडली. सणाच्या दिवशी गाडीच्या गळ्यात काळं रबर? अशुभ दिसायलं. झेंडूचा हार घातला की."

आणि प्लग? प्लग त्यांनी ताटात ठेवले होते. पान्यांच्या शेजारी. तेही गाडीचेच ना, म्हणून हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलं वाहिली. सकाळी दत्तानं पाने उचलून घेतले आणि उरलेलं सगळं निर्माल्य पिशवीत भरून इंद्रायणीला सोडून आला होता. नदीत टाकू नका म्हणून दरवर्षी कानीकपाळी ओरडते मी! आमच्या गॅरेजमधली पहिली वस्तू, जी गाडीच्या आधी नदीत गेली.

दत्ता म्हणाला, "होऊ..." आणि माझं तोंड बघून गप्प झाला.

दसरा. सगळी दुकानं बंद. पार्सल अडकलेलं. मेधाताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा गेल्या वर्षी स्टुलावर होता तसा झाला. आणि नेमका त्याच वेळी गेटातून कॅप्टन आत आला. हार घातलेली गाडी, नवा कुर्ता, हातात आपट्याची पानं. "वहिनी, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!"

मी सोनं घेतलं, बाजूला ठेवलं आणि त्याच्या गाडीखाली शिरले. काठापदराच्या साडीत.

"वहिनी, अहो, काय करताय? आज दुपारी आमचं नदीवर शूट आहे!"

मी खालूनच सांगितलं. "कॅप्टन, गेल्या वर्षी या बाईंवर हसलात. आज त्यांना प्लग द्या, नाहीतर यापुढे माझ्या दारात गाडी आणायची नाही."

तो काहीतरी म्हणत होता, गाडी नवी आहे, मान्य आहे पण, पुन्हा बसतील ना नीट, असं काहीतरी. सासूबाईंनी त्याला हटकलं. "अरे बाबा, तुझ्या गाडीला काय बाळंतपण करायचंय का?" तेव्हा तो थांबला. मग खाली बसला, बाही वर करून हात घातला आणि शेवटचा प्लग त्यानंच काढून दिला.

मी ते मेधाताईंच्या गाडीत बसवले. एकेक दाबून, कडेनं बोट फिरवून. कॅप्टन दार उघडून मागच्या सीटवर चढला. माझे प्लग आहेत, मीही येतो, असं म्हणाला. मी म्हटलं, जा, बघा तरी एकदा खोल पाणी कसं असतं ते.

गाडी गेली. दिवसभर मी चिडले. सासूबाईंवर चिडले, दत्तावर चिडले, झेंडूवर चिडले. जेवण केलं नाही. श्रीखंड तसंच राहिलं. फोन लागत नव्हता. सासूबाई देवापुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. दत्ता दोनदा गाडी काढून ओढ्याकडे निघाला आणि दोनदा मीच त्याला थांबवलं, कारण एकटी थांबायची माझ्यात हिंमत नव्हती.

ऊन उतरल्यावर गाडी आली. दारापर्यंत चिखल, पण इंजिनाचा आवाज स्वच्छ. मेधाताई उतरल्या. हात कोपरापर्यंत माखलेले, केस विस्कटलेले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पारडी झाली. दोघी ठीक आहेत."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग मी मागचं दार उघडलं. गोदाबाईंनी खरवसासाठी चीक दिला होता, मोठी किटली भरून. ती कॅप्टननं मांडीवर धरली होती. परतताना पुलावर पाणी बॉनेटला लागलं, तेव्हा कॅप्टननं डोळे मिटले आणि किटली सोडून दोन्ही हातांनी समोरची सीट धरली.

तळात चीक होता. काठोकाठ, पिवळाधमक, त्यात झेंडूची पाकळी तरंगत होती. ओढ्याचं पाणी थेंबभर आत आलेलं नव्हतं आणि चीक थेंबभर बाहेर गेलेला नव्हता. कॅप्टन दोन्ही पाय सीटवर घेऊन, नव्या कुर्त्यात, मांडी घालून बसला होता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. भिंतीवरच्या अक्षरांकडे बघितलं. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तुमची परवानगी असेल, तर आता प्लग काढू का?"